गप्पींच्या टाकीत गोगलगायी सोडाव्यात का?

जुळेकर

नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी टाकी आहे. गप्पी, मॉली आणि थोडे प्लॅटी. मासे मजेत आहेत, पिल्लंही होतात. टाकी पूर्वेच्या खिडकीशी असल्याने काचेवर हिरवं शेवाळ धरतं, तेवढीच कटकट. नवी पेठेत एका दुकानात विचारलं, तर मालक म्हणाले, "दोन स्नेल सोडा, परत काचेला हात लावायचं काम नाही." पिवळ्याधमक होत्या, सुपारीहून जरा मोठ्या, पुढे दोन लांब मिशा. लेक काही केल्या दुकानातून निघेना. "विचारून सांगतो" म्हणून सुटका करून घेतली.

तर विचारतो. खरंच काच साफ करतात का? मासे त्यांना त्रास देतात, की त्या माशांना? आणि मुख्य म्हणजे सोलापुरात टिकतात का? आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी, तोवर हौदातलं पाणी, तेही संपलं की सोसायटीचं बोअर. मे महिन्यात टाकीला हात लावला तरी गरम लागते. बाहेरच्यांचे व्हिडिओ बघून काही उपयोग नाही, त्यांच्या घरी बारा महिने एसी.

कडक_भाकरी

पयला!
बाकीचं नंतर लिहितो, नळ आलाय.

पाणबुड्या

वर्णनावरून ती मिस्ट्री स्नेल. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे ॲपल स्नेल म्हणूनही विकतात. स्वभावाने गरीब. गप्पी-मॉलींबरोबर राहायला काहीच हरकत नाही.

पण काचेचं म्हणाल तर दुकानदाराने थाप मारली आहे. मिस्ट्री खाते ते तळाला पडलेलं खाणं, कुजकी पानं, मेलेला मासा आणि तुम्ही घातलेली भाजी. काचेवरचा मऊ थर जाता-येता चाटेल, पण ते घट्ट हिरवे ठिपके तिच्याने निघत नाहीत. त्यासाठी नेराइट लागते. पट्ट्यापट्ट्यांची, लहान, दिवसरात्र काच खरवडत फिरणारी. तिची खोड एकच. काचेवर, लाकडावर, फिल्टरवर पांढरी टणक अंडी चिकटवत सुटते. गोड्या पाण्यात त्यातून पिल्लावळ होत नाही, अळ्यांना मचूळ पाणी लागतं. म्हणजे संख्या वाढायची भीती नाही, पण ठिपके खरवडत बसावं लागतं. सोलापुरात मला ती क्वचितच दिसली आहे.

तिसरी ट्रम्पेट. लांबुडकी, टोकदार. दिवसभर वाळूत आणि रात्री बाहेर. वाळू हलती राहते, त्यामुळे खाली घाण दबून सडत नाही. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि त्यासाठी नराचीही गरज नसते. एक आली की झालं.

रॅम्सहॉर्न आणि बारक्या पॉन्ड स्नेल कुणी विकत आणत नाही. पाणवनस्पतीच्या जुडीतून आपल्या आपण येतात.

माशांचं बघाल तर गप्पी, प्लॅटी, टेट्रा बिनधास्त. मॉली अधूनमधून मिशीला टोचा मारते, ते चालायचं. एंजल आणि गोल्डफिश मिशा कुरतडतात. लोच म्हणजे तळाशी राहणारे ते मासे असतील तर विषयच संपला, गोगलगाय हे त्यांचं जेवणच.

चादरवाला

माझं स्पष्ट मत, आणू नका. मी आयुष्यात एक रुपयाची गोगलगाय विकत घेतली नाही. व्हॅलिस्नेरियाची एक जुडी आणली, तिच्यातून आली. आज काचेवर, स्पंजात, थर्मामीटरवर, पंपाच्या पंख्यात, सगळीकडे तीच. पंप दोनदा अडकला. मासे बघायला पाहुणे येतात आणि विचारतात, "ह्या काय पाळल्यात?"

साफसफाई वगैरे काही नाही. ती खाते तेवढीच घाण करते.

शेंगाचटणी

चादरवाले, एकदम +१. आमच्या टाकीत पण हाच सीन आहे.

मोगरा

चादरवाले, एक विचारू? माशांना खाणं किती घालता?

चादरवाला

दोन वेळ. ते वर येऊन मागतात ओ. दुपारी आई घालते. शिवाय शेजारचा मुलगा येतो, त्याला मजा वाटते, तोही घालतो.

कडक_भाकरी

मग त्या पाहुण्या नाहीत मालक, तुमच्याकडं मेस लावलीय त्यांनी.

मोगरा

😂 अगदी हेच म्हणायचं होतं.

गोगलगायी हवेतून वाढत नाहीत. रॅम्सहॉर्न आणि पॉन्ड स्नेल उभयलिंगी असतात, एकेकटीही अंडी घालू शकते, हे खरं. पण त्यातून किती जगणार हे खाण्यावर ठरतं. संख्या भसाभस वाढली म्हणजे तळाशी रोज खाणं शिल्लक राहतंय. गोगलगायी नसत्या तरी ते खाणं तिथेच सडलं असतं आणि त्याचा अमोनिया झाला असता. तो दिसत नाही, गोगलगायी दिसतात, एवढाच फरक.

"खाते तेवढीच घाण करते" हे मात्र शंभर टक्के कबूल. कुठलाही जीव टाकीतली घाण नाहीशी करत नाही. मोठ्या घाणीची बारीक घाण करतो, मग ती फिल्टरमधल्या जिवाणूंना सोपी जाते, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट शेवटी तुम्हालाच बादलीने बाहेर काढायचंय. गोगलगाय आणली म्हणून पाणी बदलणं सुटत नाही.

कमी करायच्या असतील तर औषध अजिबात घालू नका. एकदम शेकड्याने मेल्या तर एका रात्रीत पाणी नासेल आणि मासेही जातील. खाणं निम्मं करा, शेजारच्या बाळराजांना वेगळी डबी द्या, त्यात मोजून चार दाणे. रात्री दिवा घालवताना काकडीची चकती काट्याला टोचून तळाशी सोडा. सकाळी उठल्या उठल्या चकती उचला, वर गर्दी झालेली असते. हे रोज करा. महिनाभरात फरक दिसतो.

चादरवाला

काकडी आणतो. पण आईला कोण सांगणार.

भुईकोट

विकत कशाला आणायच्या राव. हिप्परग्याला तलावाच्या काठी हव्या तेवढ्या. पावसाळ्यानंतर पाणी उतरायला लागलं की दगडाखाली बघा. काळपट-हिरव्या, गोल, झाकणवाल्या. फुकट, आणि आपल्या हवेला मुरलेल्या. दुकानातल्या नाजूक परदेशी बायांचे लाड कोणी सांगितलेत?

गोठा

भुईकोट, थांबा जरा. मी गुरांचा डॉक्टर आहे, माशांचा नाही. पण तलावातल्या गोगलगायींशी आमचा जुना परिचय.

काठावरच्या लिम्निया आणि चपट्या चकतीसारख्या इंडोप्लॅनॉर्बिस या दोन्ही जाती पर्णकृमींच्या, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी कृमींच्या, मधल्या यजमान असतात. एकीतून जनावरांच्या लिव्हरला लागणारा पर्णकृमी, म्हणजे फ्ल्यूक, पसरतो. दुसरीतून नाकात बसणारा एक प्रकार, त्याने बैल-गायी झोपलेल्या माणसागत घोरतात. गोगलगायीतून बारीक शेपटीवाल्या अळ्या पाण्यात सुटतात आणि पुढचा यजमान शोधतात. असल्या काही कृमींचा पुढचा यजमान मासा असतो. त्याच्या कातडीत, डोळ्यात शिरून बसतात. माणसाच्या हाताला कातडीची खाज सुटते ती वेगळीच.

भुईकोट म्हणतात ती गोल झाकणवाली बहुधा बेलाम्या, तीही पिल्लं देणारी. पण काठावर पाच जाती एकत्र असतात आणि हाताला कुठली लागली ते ओळखायला सगळ्यांना जमत नाही. जिथं गुरं पाण्याला येतात तिथली गोगलगाय मी घरच्या टाकीत घालणार नाही.

टाकीत पिढ्यानपिढ्या वाढलेल्यांना हा धोका नाही. कृमीचं चक्र पुरं व्हायला गाय, बगळा, असं कोणीतरी लागतं. ते हॉलमध्ये नसतं.

कडक_भाकरी

आमच्या हॉलमध्ये दुपारी जेवून घोरणारं एक जनावर आहे. तपासून घ्यावं काय?

गोठा

नाकाचा नमुना पाठवा. 🙂

भुईकोट

बरं, हिप्परगा रद्द.

हुरडा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न. पॉन्ड स्नेल म्हणजे नक्की कुठली? आमच्या टाकीत बारीक, तपकिरी, टोकदार, तुरुतुरु पळणारी आहे.

पाणबुड्या

शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे. तोंड डाव्या बाजूला आलं तर फिझा, उजव्या बाजूला आलं तर लिम्निया. टाक्यांमध्ये दहातल्या नऊ वेळा फिझाच असते. निरुपद्रवी आहे, फक्त कुटुंबवत्सल.

साखरपेठी

थांबा थांबा. उलट्या वळणाचा शंख म्हणजे दक्षिणावर्ती ना? देवघरातला, लाखाच्या घरात किंमत सांगतात तो?

पाणबुड्या

गंमत हीच आहे. प्राणिशास्त्रात टोक वर धरून बघतात, पूजेच्या शंखाला टोक खाली धरून, म्हणून डावं-उजवं उलटं होतं. पूजेतला दक्षिणावर्ती हा शास्त्राच्या भाषेत डावखुराच. समुद्रातल्या त्या जातीत तसा लाखात एखादा निघतो म्हणून त्याला किंमत. फिझात सगळ्याच तशा.

साखरपेठी

म्हणजे चादरवाल्यांच्या घरी शेकड्याने दक्षिणावर्ती नांदतायत आणि ते काकडी लावून काढायला निघालेत! लक्ष्मीला कुणी असं हाकलतं का?

चादरवाला

होलसेल भावात देतो. या.

एकदंत

विषय निघालाच आहे तर, ईशान्येला टाकी, आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश, यात गोगलगाय बसते का?

मोगरा

वास्तूचं माहीत नाही. दोन फुटांत नऊ गोल्डफिश मात्र बसत नाहीत, मग टाकी ईशान्येला असो की न्हाणीत.

नळवाट

मूळ प्रश्नातल्या पाण्याकडे कुणी वळलंच नाही. सोलापूरकर असून पाण्यावर बोलायचं नाही म्हणजे काय.

जुळेकर, बोअरचं पाणी जड आहे म्हणून लोक माशांसाठी आरओचं किंवा जारचं पाणी घालतात. गोगलगायीला तेच बाधतं. शंख चुन्याचा. पाण्यात कॅल्शियम नसेल, पाणी आम्लाकडे झुकलं असेल, तर शंख विरघळायला लागतो. आधी टोकाशी पांढरट खड्डे पडतात, चकाकी जाते, नवी वाढ पातळ येते, बोटाने दाबली तर वाकेल इतकी. माझ्या मेहुण्याकडे निव्वळ आरओवर ठेवलेली मिस्ट्री होती, तिच्या शंखाचं टोक झिजून आतलं दिसायला लागलं होतं. बोअरच्या पाण्यावर आणल्यावर जुना भाग काही भरून आला नाही, पण कडेची नवी पट्टी जाड आणि गुळगुळीत आली. दोन्हींच्या मधली रेघ स्पष्ट दिसते.

आपलं बोअर म्हणजे काळ्या पाषाणातलं पाणी, क्षार भरपूर. गप्पी-मॉलींना आवडतं, गोगलगायींनाही. ज्या पाण्याने आपले गिझर आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात, त्याच पाण्यात यांचं भलं होतं. जुळेकरांकडचे मासे आणि गोगलगायी, दोघांचा पाण्यावरून वाद नाही.

उजनीचं नळाचं पाणी घेत असाल तर त्यात क्लोरीन असतो. पण आपल्याला फायदा असा की पाणी चार दिवस उघड्या हौदात पडून असतं, तोवर क्लोरीन बराचसा उडून जातो. ताजं भरलेलं पाणी थेट घालू नका. घालायचंच झालं तर हायपोचे खडे किंवा दुकानातलं अँटीक्लोरीन.

आणि हौदात किंवा बॅरलमध्ये डासांसाठी अबेट हे अळीनाशक टाकलं असेल तर ते पाणी टाकीत अजिबात नको. मी तर बॅरलमध्ये गप्पीच सोडलेत. डासांच्या अळ्या खातात, आरोग्य खात्याचे लोकही त्यासाठी गप्पी देतात.

जुळेकर

नळवाट, धन्यवाद. मी आत्तापर्यंत निम्मं आरओ, निम्मं बोअर असं करत होतो. म्हणजे आरओ बंदच करू?

नळवाट

पाणी बदलताना बंद. एका ठिकाणी मात्र उपयोगी आहे, ते उन्हाळ्याच्या वेळी सांगतो.

शेंगाचटणी

अवांतर: तुमच्याकडं चार दिवसांनी येतंय? भाग्यवान. आमच्याकडं मागच्या वेळी पहाटे अडीचला आलं.

कडक_भाकरी

अडीचला येतंय ते पाणी नाही बे, परीक्षा असते. आमच्या गल्लीत वॉल्वमन आला की एकमेकांना मिसकॉल देतात.

शेंगाचटणी

आणि ज्या दिवशी माशांचं पाणी बदलायचं ठरवावं त्या दिवशी हमखास पाइपलाइन फुटते.

डाळिंबवाला

सांगोल्याकडचा आहे, इथे पहिल्यांदाच लिहितोय. एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

गोगलगायीला तांबं म्हणजे विष. आम्ही बागेत बोर्डो मारतो, मोरचूद आणि चुना. त्याच फवारणीच्या टाकीतली, त्याच बादलीतली चूळभर उरली आणि ती बादली माशांच्या पाण्याला वापरली तर मासे तगतील कदाचित, गोगलगायी जातील. शेतकऱ्यांच्या घरी माशांची बादली वेगळी, झाकून, घरात. स्प्रेच्या सामानाजवळही नको.

दुकानातल्या माशांच्या औषधातही हे असतं. माशांना पांढरे ठिपके आले की निळं-हिरवं औषध देतात, त्यातल्या काहींत कॉपर सल्फेट असतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. औषध द्यायचं झालं तर मासा वेगळ्या टबात काढून द्या. टाकीतच घातलं तर तांबं खडीत धरून राहतं आणि नंतर आणलेली गोगलगायही मरते.

आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणी माणसाला कितीही चांगलं म्हणोत, टाकीत घालू नये.

मोगरा

उत्तम प्रतिसाद. हा वर पिन करायला हवा.

यात आणखी एक भर. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत डासांची अगरबत्ती, कॉइल, झुरळांचा स्प्रे मारला की तेही पाण्यात. गल्लीत धुराचं मशीन आलं की मी खिडकी लावते, टाकीवर ओलं कापड टाकते आणि धूर निवळेपर्यंत पंप बंद ठेवते. अर्धा तास गप्पींना काही होत नाही.

एकदंत

तुरटीने पाणी स्वच्छ होतं म्हणून टाकीत फिरवली तर?

मोगरा

टाकीत नको, पाणी आम्ल होतं. पण नवीन वनस्पती आणल्यावर वेगळ्या बादलीत तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून, मग साध्या पाण्यात खळखळून धुवून घेतल्या तर पानाखालच्या गोगलगायी आणि बरीचशी अंडी मरतात. चादरवाल्यांची व्हॅलिस्नेरिया अशी आली असती तर हा धागा निम्माच झाला असता.

सात_रस्ता

उन्हाळ्याचं लिहितो, माझा विषय आहे तो.

बाहेर ४३, घरात टाकी ३३-३४ पर्यंत जाते. मिस्ट्रीला २० ते २८ मानवतं. त्याच्यावर ती लगेच मरत नाही, पण सगळं जीवन घाईघाईत उरकते. जास्त खाते, जास्त अंडी, आणि लवकर संपते. तशीही ती दीड-दोन वर्षांचीच. ट्रम्पेट आणि रॅम्सहॉर्न जास्त सोसतात.

खरा प्रश्न प्राणवायूचा. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या जरा वर ऑक्सिजन मावतो, ३५ ला ७ च्या आत. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची गरज वाढलेली असते. मिस्ट्रीला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात, एक नळी काढून वर येऊन हवा ओढते, म्हणून ती वाचते. मासे आधी तोंड वर काढतात. ट्रम्पेट असतील तर त्यांच्याकडे बघा. भर दिवसा वाळू सोडून सगळ्या काचेवर पाण्याच्या रेषेपाशी जमल्या तर तळाला ऑक्सिजन संपलाय समजा. माशांच्या आधी त्या सांगतात, म्हणून मी मुद्दाम ठेवल्यात.

उपाय स्वस्त आहे. झाकण काढून जाळी ठेवायची आणि छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरका लावायचा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश हमखास उतरतात. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग नाही, आपल्या कोरड्या हवेत झकास चालतं. कूलर आपल्याकडे चालतो त्याच कारणाने. जाळी मात्र विसरू नका, मिस्ट्री रात्री बाहेर पडते आणि सकाळी सोफ्याखाली सापडते.

बर्फ टाकू नका. एकदम पाच अंश उतरले तर उन्हापेक्षा त्याचाच त्रास.

नळवाट

आणि आता तो आरओचा मुद्दा. पंख्याने पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज लोटाभर उडालं आणि रोज बोअरचं लोटाभर घातलं तर मेअखेर टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही खारट. म्हणून उडालेलं पाणी भरताना आरओ, काढलेलं पाणी बदलताना बोअर किंवा नळ. एवढं पाळलं की झालं.

सात_रस्ता

हे माझ्या डोक्यात नव्हतं. घेतलं.

चादरवाला

लाइट गेली तर पंखा बंद, पंप बंद. मग?

सात_रस्ता

बॅटरीवरचा पंप मिळतो, किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. काहीच नसेल तर मगाने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओता, दहा-दहा मिनिटांनी. दुपारी लोक झोपतात, तुम्ही हे करा. त्या दिवशी खाणं बंद.

पाणबुड्या

सगळं छान चाललंय, एक गंभीर गोष्ट सांगून घेतो. जास्त झाल्या म्हणून कंबर तलावात, सिद्धेश्वर तलावात किंवा ओढ्यात सोडू नका. मासेही नाहीत.

मिस्ट्रीची एक चुलत बहीण आहे, गोल्डन ॲपल स्नेल, दुकानात दोघी सारख्याच दिसतात. १९८० च्या सुमारास तैवानमध्ये खाण्यासाठी नेली, बाजार लागला नाही, लोकांनी सोडून दिली. ती भातशेतीत शिरली आणि पूर्व आशियाभर भाताची कोवळी रोपं कापत सुटली. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं तर उजनीतला चिलापी बघा. आफ्रिकेतला मासा. आज भिगवणच्या बाजारात तो किती असतो आणि आपले जुने देशी मासे किती, ते कोळ्यांना विचारा.

जास्तीच्या गोगलगायी डब्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग कुंडीत. किंवा ज्याच्याकडे लोच आहेत त्याला द्या.

डाळिंबवाला

फ्रीझरमध्ये? आमच्या हिच्या फ्रीझरमध्ये? तुम्ही एकदा येऊन सांगा तिला.

गोठा

शंखी गोगलगायीचं मराठवाड्यात काय झालं ते आठवा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीन उगवून वर आलं की रात्रीत साफ. ती जमिनीवरची, वेगळी जात, पण तीही बाहेरचीच. पाणबुड्यांना अनुमोदन.

भुईकोट

मघाशी चेष्टा केली, पण लोच ठेवले तर? एकाने सगळ्या संपतील.

पाणबुड्या

संपतील, आणि मग लोचला काय घालणार? शिवाय ते टोळीने राहतात, दोन फुटांत कोंडतात. आपल्या पश्चिम घाटातला पट्टेरी बोटिया हा लोच सुंदर असतो, पण नदीत त्याची संख्या घटलीय, त्याला धोक्यातल्या जातींत धरतात. गोगलगायीच्या कंटाळ्यापायी त्याला आणू नये असं माझं मत. केरळचा बारका पफर मासा गप्पींच्या शेपट्या फाडतो. असॅसिन स्नेल म्हणून गोगलगाय खाणारी गोगलगाय मिळते, ती सावकाश काम करते, पण ती तुमची मिस्ट्रीही खाईल.

काकडीच बरी.

जुळेकर

सगळं वाचलं. बायकोनेही वाचलं, तिला घोरणारी गाय सगळ्यात आवडली.

ठरलंय ते असं. मिस्ट्री दोनच. नेराइट मिळाली तर एक. काच मी स्वतः घासणार, आणि टाकी खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला, म्हणजे मूळ शेवाळाचंच कारण जाईल. जाळी करून घेतोय. आरओ फक्त उडालेल्या पाण्याला. दुकानदाराला विचारलं की ह्यांना औषध दिलंय का, तर म्हणाला "काय माहीत नाही, माल परवाच आलाय." म्हणून आठवडाभर वेगळ्या टबात ठेवेन.

दोन प्रश्न उरलेत. मेलीय की झोपलीय हे कसं ओळखायचं? आणि अंडी घातली तर?

मोगरा

ओळखायला नाक पुरतं. मिस्ट्री एकदोन दिवस हलत नाही, कधी हवा भरून वर तरंगते, तरी जिवंत असते. उचलून बघा. झाकण घट्ट मिटलेलं असेल किंवा बोट लावल्यावर आत ओढलं तर ठीक. झाकण सैल लोंबतंय, अंग बाहेर आलंय आणि वास असा की तोंड फिरवावं, तर गेली. लगेच काढा, थोडं पाणी बदला. एक मोठी मिस्ट्री छोट्या टाकीचा अमोनिया पुरेसा चढवते.

अंडी पाण्याच्या रेषेच्या वर घालते, काचेवर किंवा जाळीखाली, फिकट गुलाबी दाणेदार पुंजका. नर-मादी वेगळे असतात, पण दोघी मादी निघाल्या म्हणून निर्धास्त राहू नका, दुकानात मिलन झालं असेल तर त्यावर महिनोन्महिने अंडी घालते. पिल्लं नको असतील तर पुंजका पहिल्या दोन-तीन दिवसांत पत्त्याच्या कडेने उचलून फेका. दोन ते चार आठवड्यांत फुटतो. लेकीला पिल्लं बघायची असतील तर एक पुंजका राहू द्या, मग मात्र शंभर पिल्लांसाठी आत्ताच मित्र शोधून ठेवा.

टाकी वरपर्यंत भरू नका, चार बोटं रिकामी ठेवा, म्हणजे तिला अंडी घालायला काच मिळेल आणि ती जागा शोधत बाहेर येणार नाही.

जुळेकर

एक पुंजका ठेवतो. मित्र शोधायचं काम लेकीच्या वर्गाकडे.

साखरपेठी

गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाका. "दक्षिणावर्ती पिल्लू, घरपोच."

पाणबुड्या

मिस्ट्री दक्षिणावर्ती नसते. हलकेच घ्या.

चादरवाला

काकडीचा अहवाल: पहिल्या रात्री वाटीभर निघाल्या. आई म्हणाली, "एवढी काकडी माशांना घालतोस, कोशिंबिरीला नाही का मिळत?"

शेंगाचटणी

आईंचा मुद्दा बिनतोड आहे.

रॉयल_अक्कलकोट

धागा मोठा आहे, सगळा वाचला नाही. माझ्याकडे फ्लॉवरहॉर्न मासा आहे. त्याच्याबरोबर गोगलगाय चालेल का?

कडक_भाकरी

चालेल की. एक दिवस.